नाताळचे ताट आणि साखरेची चिमूट

मार्गशीर्ष महिना म्हणजे आपल्या घरांतून पुण्यपर्वांची मालिकाच असते. महालक्ष्मीचे गुरुवार, गीताजयंती, दत्तजयंती, आणि सूर्य धनु राशीत गेला की धनुर्मासातला पहाटेचा नैवेद्य. याच सुमारास, २५ डिसेंबर रोजी, आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत नाताळ साजरा होतो. सन २०२३ मध्ये तर दत्तजयंती २६ डिसेंबरला आली होती. एका रात्रीच्या अंतराने दोन घरांत दोन पाळणे हलले.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून अर्थ ‘जन्मासंबंधीचा’ असा आहे. त्या लॅटिन धातूचे आणि आपल्या संस्कृतातील ‘जन्’ धातूचे कूळ एकच, हे भाषाशास्त्राला मान्य आहे. म्हणजे रामनवमी व गोकुळाष्टमी जशी आपली जन्मोत्सवाची पर्वे, तसाच नाताळ हाही शब्दशः जन्मोत्सवच होय. या उत्सवातील खाद्यपदार्थ, भेटी आणि त्यांमागील भाव यांचा परिचय भाविक वाचकांना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भाकरीचे घर

ख्रिस्तचरित्रातील जन्मकथा आपल्या श्रोत्यांना परकी वाटू नये अशीच आहे. धर्मशाळेत जागा न मिळालेले जोडपे, जनावरांच्या गव्हाणीत निजवलेले बालक, आणि वार्ता प्रथम कळली ती कुणा राजाला नव्हे, तर रानात रात्री मेंढरे राखणाऱ्यांना. गोकुळातील गोपांची ज्यांना ओढ आहे, त्यांना हे मेंढपाळ लगेच ओळखीचे वाटतील. ज्या गावी हा जन्म झाला, त्या बेथलेहेमचा हिब्रू भाषेतील अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाच्या ठिकाणी ब्रह्म पाहिले; तेव्हा एखाद्या जन्मोत्सवाची तयारी पिठाच्या परातीपासून सुरू व्हावी, याचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही.

आणि ही तयारी तरी किती ओळखीची! गोव्याच्या ख्रिस्ती घरात तळली जाणारी नेवरी म्हणजे आपली करंजीच. कलकल हा पदार्थ शंकरपाळ्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा. मैदा वा रवा नारळाच्या दुधात भिजवून, त्याची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळायची. तिला शंखासारख्या रेघा उमटतात. मग ती तळून साखरेच्या पाकात घोळायची. काही घरांत पिठात अंडे घालतात, काही घरांत घालत नाहीत. दोदोल करताना तांदळाचे पीठ, काळा गूळ आणि नारळाचे दूध कढईत तासन्‌तास घोटावे लागते. एका हाताचे ते काम नव्हे, म्हणून आळीपाळीने घरातील सारे हात त्या उलथन्याला लागतात. बेबिंक त्याहून चिकाटीचे. एक थर ओतायचा, वर निखारे ठेवून तो भाजायचा, आणि तो भाजला गेल्यावाचून दुसरा ओतायचा नाही. पेरूचा गर आटवून त्याच्या वड्या थापतात, त्यांना पेराद म्हणतात.

केकची कथा निराळी. मनुका, बेदाणे, चेरी, संत्र्याची साल बारीक चिरून कित्येक आठवडे भिजत घालतात. बहुधा रममध्ये, क्वचित संत्र्याच्या रसात. साखर काळसर होईतो जाळून तिचा रंग पिठाला देतात. चाळीतील खोलीत भट्टी कुठली असणार? म्हणून मुंबईतील अनेक ख्रिस्ती घरांतून कालवलेल्या पिठाचे डबे नाक्यावरच्या बेकरीत पोचवीत, आणि पावाच्या भट्टीतून ते भाजून आणीत. डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून घरातील एखादे पोर तेथे राखणीला बसे.

मराठीच्या अंगणातला नाताळ

हा सण परभाषिकांचा आहे, अशी समजूत असेल तर ती दूर व्हावी. वसई, साष्टी आणि मुंबई बेटांतील मूळचे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गिरगावातील खोताची वाडी आणि माझगावातील माथारपाखाडी येथे त्यांची जुनी लाकडी घरे आजही पाहावयास मिळतात. दादरच्या ज्या देवालयास आपण सारे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतो, त्याची स्थापना १५९६ सालची; आजची वास्तू मात्र १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली.

कीर्तनाच्या पाटावर उभे राहणाऱ्या माणसाला तर आणखी एक आप्तपणा जाणवतो. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली आणि १६१६ साली ते ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील रायतूर येथे, रोमन लिपीत, छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी टाळ-मृदंगासह कीर्तनपद्धती स्वीकारली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी भजन-कीर्तन हेच आपल्या उपासनेचे माध्यम केले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. धर्म बदलला, पण ओवी आणि अभंग सुटले नाहीत, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ताट निघते शेजारी

पदार्थ झाले की ताटे भरतात. गोव्यात या ताटाला ‘कोन्सोआद’ म्हणतात, मंगळूरकडे ‘कुस्वार’. विणलेल्या शुभ्र रुमालाने झाकलेले हे ताट शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. आपण दिवाळीचा फराळ जसा पाठवतो, अगदी तसेच. शोक पडलेल्या घरात त्या वर्षी कढई चढत नाही. तेथे शेजाऱ्यांची ताटे आवर्जून पोचतात. हाही आपलाच रिवाज.

याच ताटापाशी माझ्या हातून एक अपराध घडला. तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

सन १९८२. मी विशीतला, संस्कृत शिकण्यासाठी मुंबईत मामाकडे राहत होतो. ज्या चित्रपटगृहावरून हिंदमाता हे नाव त्या भागाला पडले, त्यापासून हाकेच्या अंतरावर मामाची चाळ होती. मामा गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारीपासून संप सुरू झालेला. वर्ष सरत आले तरी भोंगा वाजत नव्हता. त्या दिवाळीत मामीने कढई चढवली नाही. देवापुढे गूळ-खोबऱ्याची वाटी ठेवली आणि आकाशकंदील मात्र लावला.

शेजारच्या खोलीत एक ख्रिस्ती कुटुंब होते. यजमान त्याच गिरणीतले, तेव्हा अडचण दोन्ही घरांत सारखीच. नाताळच्या सकाळी त्या बाई रुमालाने झाकलेले ताट घेऊन दाराशी आल्या. मी आत पोथी उघडून बसलो होतो. नव्या विद्येचा ताठा अंगात होता. मी बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणालो, “मामी, ते घेऊ नका. त्यात अंडे असणार.”

बाईंनी ते ऐकले. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि मामीला म्हणाल्या, “वहिनी, अंड्याचं काही नाही हो यात. तुमचं आधी तळून काढलं, नव्या तेलात, आणि मग आमचं केलं. केक म्हणूनच ठेवला नाही.”

ताटात चार करंज्या होत्या आणि मूठभर कलकल. मामीने दोन्ही हातांनी ताट घेतले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

रात्री मामा एवढेच म्हणाला, “अरे, विचारायचं होतंस. विचारलं असतंस तर तुझं शास्त्रही राहिलं असतं आणि तिचा मानही.”

दानाचे शास्त्र

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे आली आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशाला, कर्तव्य म्हणून, देश, काल आणि पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ आपण योग्यता असा करतो, आणि तो बरोबरच आहे. पण त्या बाईंनी मला त्याचा आणखी एक अर्थ शिकविला: घेणाऱ्याचा आचार काय, त्याला काय चालते, काय चालत नाही, हे ओळखून देणे. संपाच्या वर्षात तेल विकत आणताना हात आखडत होता, त्या दिवसांत त्यांनी आमच्या नियमासाठी आमचे आधी तळले. पोथी माझ्या मांडीवर होती, पण तिचे आचरण उंबऱ्याबाहेर उभे होते.

नाताळच्या भेटवस्तूंचा उगमही असाच सात्त्विक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी बालकाला सोने, ऊद आणि गंधरस वाहिल्याची कथा आहे. ते तिघे होते असे चित्रांतून दिसते. मूळ ग्रंथात मात्र संख्या दिलेली नाही. भेटवस्तू वाटणाऱ्या सांताक्लॉजची कल्पना ज्यांच्यावरून आली, ते संत निकोलस चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे धर्माध्यक्ष होते. एका दरिद्री पित्याच्या तीन मुलींची लग्ने व्हावीत म्हणून त्यांनी रात्रीच्या अंधारात घरात पैशाच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. आपण याला गुप्तदान म्हणतो.

पण देण्याइतकेच घेणेही अवघड असते. दुसऱ्या दिवशी मामीपुढे प्रश्न पडला तो ताट परत करण्याचा. रिकामे ताट शेजारी जात नाही, आणि घरात घालायला काही नव्हते. तिने डब्याच्या तळाची साखर चिमटीत घेतली, ताटाच्या मध्यभागी ठेवली, वर रुमाल घातला आणि ते माझ्याच हाती दिले. “तूच नेऊन दे,” म्हणाली.

मला लाज वाटली. अपराधाचीही आणि त्या चिमटीचीही. भागवताच्या दशमस्कंधातील द्वारकेला निघालेला ब्राह्मण मला तेव्हा प्रथम कळला. आपण त्याला सुदामा म्हणतो. भागवतात त्याचे नाव दिलेले नाही. त्याच्या पुरचुंडीतले चार मुठी पोहेदेखील घरचे नव्हते, पत्नीने शेजाऱ्यांकडून मागून आणलेले होते. ते पुढे करायला तो लाजला, आणि भगवंतांनी ते आपण होऊन ओढून घेतले.

बाईंनी रुमाल उचलला. ती साखर पाहून ताट कपाळाला लावले. मग एका लहान वाटीत साखर काढून गव्हाणीच्या देखाव्यापुढे ठेवली आणि मला म्हणाल्या, “बस रे पोरा, बघ आमचा गोठा.” पेंढ्याच्या त्या गोठ्याभोवती हिरवळ म्हणून त्यांनी ताटलीत नाचणी पेरून उगवली होती. आमच्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य रुजते, तेच कोवळे अंकुर. मी क्षमा मागितली. त्यांनी हातावर दोन कलकल ठेवले.

आज परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. दारे बंद असतात आणि फराळ काय, केक काय, दोन्ही खोक्यांतून विकत मिळतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वेळ कोणापाशी आहे? परंतु खोके परत करावे लागत नाही. ताट परत करावे लागते, आणि ते परत करायला गेलेला माणूस शेजाऱ्याच्या घरात पाऊल टाकतो.

म्हणून वाचकहो, या नाताळात एखादे ताट आपल्या दाराशी आले, तर आपला आचार अवश्य पाळावा. जे चालत नाही ते हात जोडून तसे सांगावे. शेजारी रागावत नाही. पण न विचारता नाकारू नये. आणि ताट परत पाठवताना त्यात काहीतरी घालावे. काहीच नसेल, तर साखरेची चिमूट पुरते.