उतरत्या काळाची चित्रं, चढते भाव

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, दुकानांत लाकडी ठशांनी छापलेलं रंगीत चित्र साधारण वाडगाभर सोबा नूडल्सच्या भावात मिळायचं. नट, गणिका, सुमो पैलवान, फुजी पर्वत, जो विषय खपेल तो. प्रकाशक पैसा घालायचा, चित्रकार रेखाटन द्यायचा, कोरणारा ते चेरीच्या फळीवर उतरवायचा आणि छापणारा रंगागणिक वेगळी फळी लावून कागद घासायचा. भिंतीवर डकवावं, फाटलं की टाकावं. मोजकी हौशी माणसं चित्रं वह्यांत बांधून ठेवत. आज ताज्या रंगात जे हाती लागतं ते बऱ्याचदा अशा वह्यांतून सुटून आलेलं. आपल्याकडे रविवर्मा प्रेसच्या तसबिरींचं असंच झालं: ज्या पिढीने त्या देवघरात लावल्या, तिला त्या कधी लिलावात जातील असं वाटलं नव्हतं.

जमवणाऱ्यांचा बाजार उभा राहिला तो पॅरिसात. चिनी मातीच्या भांड्यांभोवती गुंडाळलेल्या रद्दीत होकुसाईची चित्रं सापडल्याची गोष्ट फार रंगवून सांगतात. मला तिच्यापेक्षा दोन दुकानदार महत्त्वाचे वाटतात. झिगफ्रीड बिंग हा एक. त्याच्या दुकानातल्या गठ्ठ्यांतून व्हॅन गॉगने स्वस्तात शेकड्यांनी चित्रं उचलली आणि 1887 साली एका कॅफेत त्यांचं प्रदर्शनही मांडलं. दुसरा हायाशी तादामासा. 1878 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी दुभाषा म्हणून आला आणि तिथेच व्यापारी झाला. 1890 नंतरच्या दहा-अकरा वर्षांत त्याने दीड लाखाहून अधिक छापचित्रं फ्रान्समध्ये आणली. देशाचा ठेवा विकला म्हणून जपानात त्याला पुढे बोल लागला. पण तेव्हा तिथल्या बाजारात या मालाला कोण विचारत होतं? आज एखाद्या चित्राच्या कोपऱ्यात हायाशीची इवलीशी मोहर दिसली की गिऱ्हाईक सावरून बसतं.

या पहिल्या पिढीने एक उतरंड लावून दिली. वर हारुनोबू, कियोनागा, उतामारो हे अठराव्या शतकातले चित्रकार. एकोणिसावं शतक म्हणजे उतरता काळ. ही उतरंड पुढे प्रत्येक पिढीने मोडली. 1794 पासून जेमतेम दहा महिने काम करून गायब झालेल्या शाराकूला त्याच्या हयातीत फारसं कुणी विचारलं नव्हतं. 1910 साली जर्मनीत युलियुस कुर्त यांचं त्याच्यावरचं पुस्तक आलं आणि तो थेट शिखरावर जाऊन बसला. एकोणिसाव्या शतकातल्या योशितोशीला तर भडक रंगांचा म्हणून कित्येक दशकं हिणवलं गेलं. 1970 नंतर त्याच्याच चंद्राच्या शंभर चित्रांच्या मालिकेमागे लोक लागले. जमवणाऱ्यांच्या नजरेवर माझा विश्वास बेताचाच आहे, तो यामुळे.

याच माणसांच्या लोभापायी रंग मात्र वाचले. जुन्या चित्रांतला गुलाबी करडईच्या फुलांचा, आणि एक निळा आपल्या केन्याच्या जातीतल्या रानफुलाचा. दोन्ही उजेडाला फार हळवे. काही वर्षं भिंतीवर राहिलं की निळं आकाश मातकट पिवळं होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, चित्रकाराने तसंच रंगवलं होतं. बॉस्टनच्या स्पॉल्डिंग बंधूंनी 1921 साली आपली सहा हजारांवर चित्रं तिथल्या संग्रहालयाला दिली ती एका अटीवर: प्रदर्शनात कधीही लावायची नाहीत. अट विक्षिप्त वाटते खरी, पण जांभळा मुळात कसा होता ते पाहायला अभ्यासकांना आज त्याच कपाटांकडे जावं लागतं.

स्पॉल्डिंगांसाठी 1913 मध्ये जपानात खरेदी केली ती वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी. घरं बांधून पैसे मिळत तसे ते चित्रं विकूनही मिळवत. पुढे त्यांनी विकलेल्या काही चित्रांत घोटाळा निघाला: फिकट जुन्या कागदावर नव्याने फळ्या कोरून रंग पुन्हा चढवलेला. फसले ते स्वतःच, पण गिऱ्हाइकांना भरपाई त्यांना द्यावी लागली. 1927 साली कर्जापायी त्यांचा संग्रहही न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाला.

काही माल परतही गेला. पॅरिसचे जवाहिरे आंरी वेवेर यांच्याकडची सुमारे आठ हजार चित्रं 1920 मध्ये कोबेच्या जहाज कारखान्याचे अध्यक्ष मात्सुकाता कोजिरो यांनी एकगठ्ठा घेतली. ती आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. वेवेर यांनी स्वतःकडे ठेवलेली 1974 पासून लंडनच्या लिलावांत आली. मग भाव चढतच गेले. होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्राचा एक छाप मार्च 2023 मध्ये न्यूयॉर्कला 27.6 लाख डॉलरला गेला. छाप लवकरचा की उशिराचा हे कसं ओळखतात? शीर्षकाच्या चौकटीची दुहेरी रेघ बघतात. फळी झिजत गेली तशी ती जागोजाग तुटलेली दिसते.

विसाव्या शतकातल्या चित्रांचं अजून ठरायचंय. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाच्या फळ्या टोकियोतल्या 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या, म्हणून त्याआधीचे छाप दुर्मीळ. त्याने पुढे आणलेल्या कावासे हासुईला जुने जाणकार पर्यटकांचा माल समजत. स्टीव्ह जॉब्ज मात्र त्याची चित्रं शोधून घ्यायचे. आपल्याला जवळचे हिरोशी योशिदा. 1930-31 मध्ये ते मुलाला घेऊन भारतात फिरले आणि ताजमहालाबरोबर अजिंठा-वेरूळची लेणीही त्यांनी ठशांत उतरवली. समासात ‘जिझुरी’ची मोहर असेल तर छपाई त्यांच्या देखरेखीखालची, आणि सही पेन्सिलीची. 1950 साली ते गेल्यावर घरच्यांनी त्याच फळ्यांवरून छापलं, त्यावर ही मोहर नसते आणि सहीही शिक्क्याची असते. लिलावाच्या यादीत अजिंठ्याचं चित्र दिसलं तर आधी डाव्या समासाचा फोटो मागवावा. यादीतल्या फोटोत समास बऱ्याचदा कापलेला असतो.