सात मिलिमीटरची वाट

मुंबईवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत चेन्नईला पोचतो. चेन्नईच्या थोडे अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. इथे सिपकॉट या तमिळनाडूच्या सरकारी महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे, आणि १९९८ मध्ये ज्यातून पहिली सँट्रो बाहेर पडली तो ह्युंदाईचा कारखानाही इथलाच. १९९० पासून चालू असलेला मोटारशर्यतींचा ट्रॅकही याच गावात आहे. ह्युंदाईने २०२३ मध्ये तळेगावचा बंद पडलेला कारखाना घेण्याचा करार केला, त्यामुळे मावळातल्या घरांमध्येही हे अवघड नाव आता ओळखीचे झाले आहे.

कोल्हापूरकडून सुटे भाग घेऊन आलेला ट्रकड्रायव्हर अशा वसाहतीच्या फाटकावर चलन दाखवतो, तेव्हा कागद धरलेला त्याचा हात आपोआप लांब जातो. आत तपासणीच्या रांगेवर उभा असलेला पंचेचाळिशीचा कामगारही गेजवरचा आकडा वाचताना तेच करतो. आपण याला चाळिशी म्हणतो. वाटेतले कन्नड लोक चष्म्यालाच चाळीसु म्हणतात. तमिळमध्ये याचे नाव वेळ्ळेळुत्तु, म्हणजे पांढरे अक्षर. काळी अक्षरे फिकट, पांढरट दिसू लागतात, हे त्या शब्दाने नेमके पकडले आहे.

या तक्रारीवरचा आजचा सर्वांत महागडा चष्मा म्हणजे प्रोग्रेसिव्ह भिंगाचा. वरून लांबचे, मधून हातभर अंतरावरचे, खालून जवळचे, आणि मध्ये कुठे रेघ नाही. किमती दोन-तीन हजारांपासून पाऊण लाखापर्यंत. आठवडाभर वापरून एकजण म्हणतो, आयुष्य बदलले. त्याच्याच शेजारी बसणारा, त्याच किमतीचे भिंग घेणारा दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात गेले, जिना उतरताना पोटात गोळा येतो. दोघेही खरे बोलतात. एकाच वस्तूबद्दल इतके उलटे अनुभव का येतात, हे भिंग कसे चालते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि ते न कळल्यामुळेच दुकानाच्या काउंटरवर सर्वांत जास्त गैरसमज विकत घेतले जातात.

पहिला गैरसमज तर दुकानात जाण्याआधीचा आहे. चष्मा लावला की डोळ्याला सवय लागते आणि नंबर वाढत जातो, म्हणून होईल तितके ढकलायचे. प्रत्यक्षात डोळ्यातले नैसर्गिक भिंग लहानपणी मऊ असते, जवळचे पाहताना ते फुगते. वय वाढते तसे ते कडक होत जाते. चाळीस सेंटिमीटरवरचे वाचायला सामान्य डोळ्याला अडीच डायॉप्टरचा, म्हणजे अडीच नंबरचा, जोर लावावा लागतो. चाळिशीच्या आसपास एकूण ताकद जेमतेम पाच उरते, आणि असलेल्या ताकदीच्या निम्म्याहून जास्त सतत वापरली की डोळा थकतो, असा साधा ठोकताळा आहे. पुढे पाचाचे चार होतात, चाराचे तीन, आणि हे कडक होणे चष्मा घातला तरी चालू राहते, न घातला तरी चालू राहते. म्हणून जवळचा नंबर साठीपर्यंत वाढत जातो. दोष मात्र बिचाऱ्या चष्म्यावर येतो.

ढकलण्याचा तोटा खरा आहे, आणि तो मोजलाही गेला आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. निम्म्यांना जवळचे साधे चष्मे लगेच दिले, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. अकरा आठवड्यांत चष्मेवाल्यांची रोजची पानतोड दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त वाढली. ते चष्मे प्रोग्रेसिव्ह नव्हते, महाग तर मुळीच नव्हते. ज्याचे पोट हाताच्या कामावर आहे, त्याला आधी कुठलातरी बरोबर नंबरचा चष्मा मिळाला पाहिजे. भिंगाच्या जातीचा प्रश्न त्यानंतरचा.

आता मुख्य गोष्ट. पाऊण लाखाचे भिंग घेतले की प्रोग्रेसिव्हच्या कडेने पाहताना जाणवणारा धूसरपणा जातो, अशी समजूत सर्रास आहे. तो जात नाही. कुठल्याच कंपनीच्या, कुठल्याच किमतीच्या प्रोग्रेसिव्ह भिंगातून तो पूर्ण गेलेला नाही, आणि याचे कारण भूमितीत आहे.

प्रोग्रेसिव्ह भिंगाची कल्पना जुनी. इंग्लंडमध्ये ओवेन एव्हस यांनी १९०७ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. बाजारात टिकले ते फ्रान्सच्या बर्नार मेतनाझ यांचे व्हॅरिलक्स, १९५९ मध्ये. चारच वर्षांनी, १९६३ मध्ये, ग्युंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने एक प्रमेय मांडले. भिंगाच्या मधल्या रेषेवरून खाली उतरताना नंबर ज्या वेगाने बदलतो, त्याच्या दुप्पट वेगाने त्या रेषेपासून बाजूला सरकताना नको असलेला सिलिंडर नंबर वाढतो. एकाच अखंड, गुळगुळीत पृष्ठभागावर नंबर बदलत न्यायचा, तर ही किंमत मोजावीच लागते.

आकड्यांत पाहू. समजा जवळची ॲडिशन, म्हणजे लांबच्या नंबरात वाचनासाठी घातलेली भर, दोन आहे आणि ती चौदा मिलिमीटरच्या उतारात पूर्ण करायची आहे. म्हणजे दर सात मिलिमीटरला एक नंबर. मग बाजूला साडेतीन मिलिमीटर गेले, की एक नंबरचा सिलिंडर तयार होतो आणि अक्षर फिसकटते. डावीकडचे साडेतीन आणि उजवीकडचे साडेतीन, मिळून मधली वाट अवघी सात मिलिमीटरची. हीच ॲडिशन एक असती, तर वाट चौदा मिलिमीटरची झाली असती. हा हिशेब ढोबळ आहे, आणि वाचनाचा खालचा भाग पुन्हा थोडा रुंदावतो. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह लावणाऱ्याला जास्त त्रास का होतो, ते या दोन आकड्यांवरून कळते. चाळिशी लागताच कमी ॲडिशनवर सुरुवात करणाऱ्याच्या पायाखाली वाट रुंद असते. पुढे ती हळूहळू अरुंद होत जाते आणि मान वळवायची सवय तोवर होऊन गेलेली असते.

मग जास्तीचे पैसे कशाचे? काहीच मिळत नाही असे नाही. महाग भिंगाचा पृष्ठभाग संगणकाने ठरवलेल्या आकारानुसार, त्या माणसाच्या नंबरासाठी स्वतंत्र घासला जातो. फ्रेम चेहऱ्यावर किती कलते, डोळ्यापासून किती लांब बसते, हे त्या हिशेबात घेता येते. धूसरपणा कुठे ढकलायचा, हेही ठरवता येते. कुणाला कडेच्या कोपऱ्यांत गोळा केलेला चालतो, कुणाला सगळीकडे पातळ पसरलेला बरा वाटतो. ज्याचा लांबचा नंबर मोठा आहे, सिलिंडर जास्त आहे किंवा ॲडिशन दोनच्या पुढे आहे, त्याला हा फरक जाणवतो. लांबचा नंबर जवळजवळ शून्य आणि ॲडिशन सव्वा असलेल्या माणसाला मधल्या किमतीच्या आणि सर्वांत वरच्या भिंगातला फरक ओळखू येईलच असे नाही. विक्रेत्याने हे स्वतःहून सांगायला हवे, पण सगळेच सांगत नाहीत.

आणि सात मिलिमीटरच्या वाटेत माप दोन-तीन मिलिमीटर चुकले, तर पाऊण लाखाचे भिंगही निरुपयोगी होते. दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, एकत्र मोजून निम्मे करणे हा इथला सर्वांत सामान्य घोटाळा. चेहरा क्वचितच दोन्ही बाजूंनी सारखा असतो. उजवा डोळा नाकापासून ३३ मिलिमीटर आणि डावा ३०, असे सहज असते. मोजमाप प्रत्येक डोळ्याचे वेगळे हवे. बाहुलीची उंचीही निवडलेली फ्रेम नाकावर नीट बसवून, माणूस नेहमीसारखा उभा असताना घ्यायची. फ्रेम नंतर सैल होऊन घसरली, की घेतलेली सगळी मापे तिच्याबरोबर खाली येतात. अनेकांची तक्रार एका स्क्रूने आणि नाकावरच्या पॅडने सुटते, हे चष्मा बनवणारे कारागीर जाणतात. हे मोजमाप म्हणजे शिकून घ्यायचे कौशल्य आहे. चेन्नईत शंकर नेत्रालयाने १९८५ मध्ये एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू केले, त्यामागे डोळे तपासणे आणि चष्मा बसवणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे हीच जाणीव होती.

पहिल्या दिवसांत जमीन हलल्यासारखी वाटते, दाराच्या चौकटी वाकतात. यावरून ‘हे आपल्याला सोसत नाही’ असा निष्कर्ष बरेचजण दोन दिवसांत काढतात. मेंदूला नव्या चित्राची सवय व्हायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि मधूनमधून जुना चष्मा चढवला तर ते लांबते. सवयीची युक्ती सोपी आहे: बाजूचे पाहायचे असेल तर नाक तिकडे वळवायचे, जवळचे पाहायचे असेल तर हनुवटी न हलवता नजर खाली न्यायची. पण दोन आठवड्यांनंतरही वाचताना मान वर करावी लागत असेल किंवा एकाच बाजूला स्पष्ट दिसत असेल, तर ते सवयीच्या नावाखाली सहन करू नये. तिथे मापच चुकलेले असण्याची शक्यता मोठी.

इरुंगाट्टुकोट्टैसारख्या ठिकाणी मात्र आणखी एक अडचण येते, जिचा विचार कार्यालयात बसणारा क्वचितच करतो. मोटारीच्या जोडणीत गाडी वर उचललेली असते आणि माणूस तिच्या पोटाखाली उभा राहून डोक्यावरचा बोल्ट पाहतो. काम हातभर अंतरावरचे, पण नजर वर. प्रोग्रेसिव्ह भिंगात वर लांबचा नंबर असतो, जवळचा तळाशी. त्या कामगाराला बोल्ट स्पष्ट दिसायला मान पाठीपर्यंत मोडावी लागेल. सर्वांत महाग प्रोग्रेसिव्ह घेतले तरी जवळचा नंबर तळाशीच राहणार. अशा कामासाठी वरच्या भागातही जवळचा नंबर बसवलेली दुहेरी बायफोकल भिंगे असतात, वीजतंत्री आणि वैमानिक ती वापरतात. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यासाठी ‘ऑफिस’ प्रकारचे भिंग वेगळे असते. त्यात लांबचे जवळजवळ सोडून देतात, आणि मधली वाट बरीच रुंद मिळते. फक्त ते घालून गाडी चालवायची नाही. शिवाय मशीनवर उभे राहायचे तर नंबर घातलेला सुरक्षा चष्मा वेगळा लागतो. साध्या फ्रेममधले भिंग, कितीही भारी असले तरी, उडणाऱ्या कपच्या थांबवायला बनवलेले नसते. एकच चष्मा सगळीकडे चालेल, ही अपेक्षा जाहिरातींनी रुजवली आहे.

कंपनीच्या बसची पायरी उतरताना खाली पाहिले, की नजर भिंगाच्या तळातून, म्हणजे वाचनाच्या नंबरातून जाते आणि पायरीची कड पुसट होते. चाळिशीत माणूस सावरतो, वार्धक्यात पडतो. ऑस्ट्रेलियात ६०६ वृद्धांवर झालेल्या आणि २०१० मध्ये ‘बीएमजे’मध्ये आलेल्या चाचणीत, नेहमी घराबाहेर हिंडणाऱ्यांना चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा दिला, तेव्हा त्यांचे पडणे बरेच कमी झाले. जे फारसे बाहेर पडत नव्हते, त्यांचे बाहेर पडताना होणारे अपघात मात्र उलट वाढले. म्हणजे घरात बसणाऱ्या आजोबांना दुसरा चष्मा देऊन गोंधळात पाडू नये, आणि रोज बाजारात चालत जाणाऱ्या आजींना तो जरूर द्यावा.

थेंब टाकले की चष्मा सुटतो, हेही अलीकडे ऐकू येते. २०२४ मध्ये मुंबईच्या एका औषध कंपनीच्या पायलोकार्पिन थेंबांना केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. त्यांची चष्मा घालवणारे म्हणून प्रसिद्धी झाली, आणि सप्टेंबरमध्ये ती परवानगी स्थगितही झाली. या औषधाने बाहुली काही तास आकुंचन पावते आणि जवळचे थोडे स्पष्ट दिसते. कडक झालेले भिंग मऊ होत नाही.

पैसे देऊन झाल्यावरही एक तपासणी करता येते. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह भिंगावर फुंकर मारून ते उजेडात तिरके धरले, की एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतात. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशनचा आकडा असतो, आणि बहुधा नाकाकडच्या खुणेखाली कंपनीची खूण. दुकानदाराला या खुणांवर कंपनीची कागदी पट्टी धरून बाहुलीच्या जागेची फुली पेनाने काढायला सांगावे. मग चष्मा घालून समोर सरळ पाहावे. पेनाची फुली दोन्ही बाहुल्यांवर बसली पाहिजे.