फ्यूज उडतो तेव्हा

श्रावण सरत आला की कोकणातल्या बंद घरांची कुलपे निघू लागतात. मुंबई-पुण्याकडचे चाकरमानी गणपतीला गावी येतात. एरवी महिनोन् महिने जिथे दिवा लागत नाही, त्या लहानशा घरात एका रात्रीत पंधरा-वीस माणसे नांदू लागतात. ओटीवर मखराला दिव्यांच्या माळा, माजघरात पंखे, न्हाणीघरात गिझर, स्वयंपाकघरात मिक्सर नि विजेची शेगडी, परसात विहिरीवरचा पंप, असे सारे एकदम चालू होते. आणि ऐन आरतीच्या वेळी घर अंधारात बुडते.

मग कोणीतरी म्हणतो, "अरे, फ्यूज गेला. जरा जाड तार घाल, म्हणजे परत जायचा नाही." बोलणारा भल्यासाठीच बोलतो. पण या एका सल्ल्यापायी घराला आग लागू शकते. ती कशी, ते आज पाहू.

बागेतल्या पाटाला झेपेल तेवढेच पाणी आपण सोडतो. जास्त सोडले तर पाट फुटतो. विजेच्या तारेचेही असेच आहे. फरक इतकाच, की तार फुटत नाही, ती तापते. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखवून दिले, की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, आणि तिप्पट झाला तर नऊपट! तारेवरचे वेष्टण आधी मऊ होते, मग करपते. आपल्या कौलारू घरांत तारा लाकडी वाशांवरून गेलेल्या असतात. तिथेच उंदरांनी काटक्या-चिंध्या आणून ठेवलेल्या असतात. पुढचे सांगायला नको.

हे टाळण्यासाठीच फ्यूजमध्ये मुद्दाम बारीक तार असते. भिंतीतली तार तापण्याआधी तिने वितळावे, ही योजना. फ्यूज हा घराचा राखणदार आहे. त्यात जाड तार घालणे म्हणजे राखणदाराला झोपवणे. नव्या घरांत फ्यूजऐवजी आपोआप पडणारे बटण असते, त्याला एमसीबी म्हणतात. त्यालाही हाच नियम. ते वारंवार पडते म्हणून तारा न बदलता दहा अँपिअरच्या जागी बत्तीसचे बसवू नका.

मग भार किती झाला हे कसे ओळखायचे? हिशेब सोपा आहे. प्रत्येक उपकरणावर वॅटचा आकडा छापलेला असतो. एकाच वेळी चालणाऱ्या वस्तूंच्या आकड्यांची बेरीज करा आणि तिला २३० ने भागा. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. उत्तर आले ते अँपिअर.

समजा, गिझर २००० वॅट, शेगडी २०००, इस्त्री १००० आणि मिक्सर ५००. बेरीज ५५००. भागाकार केला की जवळजवळ २४ अँपिअर होतात. आता बघा, दिव्याची नेहमीची लहान जागा सहा अँपिअरची, म्हणजे फार तर १३८० वॅटची. एकटी शेगडीसुद्धा तिला झेपत नाही. तिला मोठ्या पिनांची सोळा अँपिअरचीच जागा हवी. मोठी पिन लहान जागेत बसवणारा जोड-प्लग वापरणे म्हणजे संकटाला वाट करून देणे होय.

एक खूण ध्यानात ठेवा : जे तापवते, ते जास्त ओढते. नऊ वॅटचे दहा दिवे लावले तरी भार नव्वदच वॅट. गिझर, शेगडी, इस्त्री, पाणी उकळायची किटली, यांवर नजर ठेवा आणि त्यांच्या पाळ्या लावा. पंपही चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेतो. म्हणून टाकी सकाळीच भरून घ्या, मग गिझर लावा.

घर उघडताना एवढे करा. मेन स्विच बंद ठेवूनच तारांवरून नजर फिरवा. कुरतडलेली तार, काळवंडलेले सॉकेट किंवा ओल दिसली तर वायरमनला बोलवा. ढिला जोडही तापतोच. गिझर आणि पंप यांना स्वतंत्र तार ओढून घ्या. लांब वायरीचा बोर्ड वापरायचा तर वेटोळे पूर्ण सोडा, कारण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही. वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. नव्या वस्तू वाढल्या असतील तर तो वाढवून घ्या. आणि हेही जाणा, की एमसीबी जादा भारापासून वाचवतो, विजेच्या धक्क्यापासून नव्हे. त्यासाठी गळती ओळखणारे वेगळे बटण आणि चांगले अर्थिंग लागते.

जळका वास आला तर पहिल्यांदा मेन स्विच बंद करा. चालू विजेवर पाणी कधीही ओतू नका.

शिक्षक मित्रांनो, तुम्हाला एक विनंती. सुटीआधी मुलांना हा गृहपाठ द्या : घरातल्या वस्तूंवरचे वॅटचे आकडे मोठ्यांना विचारून लिहून आणायचे, कशालाही हात लावायचा नाही. बेरीज आणि भागाकार वर्गात करा. मग घरी कोणी "जाड तार घाल" म्हणाले, तर पाचवी-सहावीतले पोर पुढे होऊन सांगेल, "काका, तार नको बदलू. आधी शेगडी बंद कर."