रात्र मोजणारी बाग

भाद्रपदातल्या एखाद्या दुपारी साडेतीनच्या सुमाराला परसात जा आणि गुलबक्षीपाशी जरा थांबा. झाड पार मरगळलेलं दिसेल. कालची फुलं चुरगळून देठाला लोंबताहेत, आजच्या कळ्या घट्ट मिटलेल्या. आता घरात जा, चहा टाका, निवांत प्या आणि परत या. अर्ध्याअधिक कळ्या उमललेल्या असतील! घड्याळ नाही, भोंगा नाही. चार वाजल्याचं कळवलं कुणी?

आणि फुलायचंच तर सकाळी का नाही? मधमाश्या, फुलपाखरं, सगळी गिऱ्हाइकं तर सकाळी फिरतीवर असतात. गुलबक्षीला ती नकोच आहेत. एक फूल तोडून नळी उभी चिरून बघा. मध अगदी तळाशी आहे आणि नळी बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. मधमाशीची जीभ तिथवर पोचतच नाही. पोचते ती तिन्हीसांजेला बाहेर पडणाऱ्या हॉकमॉथ जातीच्या पतंगांची. हे पतंग फुलावर बसत नाहीत. समोर हवेत तरंगत राहतात आणि लांबलचक सोंड आत सोडून मध ओढून घेतात. दिवसभर निर्गंध वाटणारी गुलबक्षी संध्याकाळी का घमघमते ते आता लक्षात येईल. वास तयार होण्याची वेळही ठरलेली आहे आणि ती पतंगाच्या वेळेशी जुळलेली आहे.

समजा, पतंग आलाच नाही. पाऊस कोसळतोय, कोण कशाला येईल? मग पहाटे फूल मिटताना एक गंमत होते. बाहेर डोकावणारे पुंकेसर आणि मधली कुक्षी गुंडाळत गुंडाळत आत वळतात, आणि वळताना एकमेकांना चिकटतात. परागीभवन घरच्या घरी उरकलं. रात्रभर पाहुण्याची वाट पाहायची, नाहीच आला तर जाता जाता आपलं आपण भागवायचं.

ज्याला आपण गुलबक्षीची पाकळी म्हणतो ती पाकळीही नव्हे. या फुलाला पाकळ्याच नसतात. गुलाबी, पिवळं, पांढरं जे काही दिसतं तो निदलपुंज, म्हणजे इतर फुलांत खालच्या बाजूला हिरवा आणि दुर्लक्षित राहणारा भाग. इथे त्यानेच रंग चढवून पाकळ्यांची जागा घेतली आहे. फूल गळून पडलं तरी त्याचा बुडखा मागे राहतो, टणक होतो, काळा पडतो आणि बीला कवच होऊन बसतो. पोरं खिशात भरून नेतात ते काळं बी म्हणजे बी आणि त्याभोवती कालच्या फुलाचं बूड. (दिसायला थेट मिरी, पण तोंडात घालू देऊ नका, विषारी असतं.)

रंगाचंही तेच. जास्वंद, गोकर्ण, तेरडा यांचे लाल-निळे रंग ज्या कुळातल्या रंगद्रव्यांचे, त्याचा एक कणही गुलबक्षीत नाही. तिचा रंग बीटरूटच्या घराण्यातला. बोगनवेल, राजगिरा, निवडुंग हेही त्याच घरचे. निसर्गाचा दंडक असा की हे दोन्ही कारखाने एकाच झाडात कधी सापडत नाहीत. वर कडी म्हणजे, गुलबक्षीतलं पिवळं द्रव्य निळा प्रकाश शोषून हिरवट प्रकाश बाहेर टाकतं. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण उपकरणांनी ते मोजलेलं आहे.

एवढ्यावर ती थांबत नाही. काही गुलबक्षींच्या पानांवर पांढरे-हिरवे पट्टे असतात, आणि त्याच झाडावर एखादी फांदी पूर्ण हिरवी, एखादी पूर्ण पांढरी निघते. मेंडेलचे विस्मरणात गेलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, जर्मनीचा कार्ल कॉरेन्स, या फांद्यांवर फुलांचे संकर करत बसला. १९०९ मध्ये त्याने जे मांडलं ते मेंडेलच्या नियमात बसत नव्हतं. पराग कोणत्याही फांदीवरचा घ्या, रोपाच्या पानांचा रंग ठरायचा तो बी धरणाऱ्या फांदीवरून. बापाला त्यात काडीचंही मत नव्हतं. पुढे उलगडा झाला: पानं हिरवी करणारी हरितलवकं स्वतःची वेगळी जनुकं बाळगतात आणि या झाडात ती आईकडूनच बीमध्ये उतरतात. आनुवंशशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला हा धडा ज्या झाडावर लिहिला गेला, त्याची फुलं आपल्याकडे मुली दोरा न लावता एकात एक गुंफून वेणी करतात.

शेजारी तेरडा उभा आहे. गौरींचा मान त्याचा. कोकणात तर तेरड्याची रोपंच गौर म्हणून घरात येतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं म्हणून आपण त्याला चंचलपणाचं उदाहरण करून टाकलं. पण त्या दोन-तीन दिवसांत फुलाच्या आत काय चालतं ते पाहा. ताज्या फुलात मधोमध एक इवलीशी पांढरट टोपी दिसते. पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली. या अवस्थेत फूल नर असतं, फक्त पराग देतं. मग टोपी अख्खी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेली कुक्षी उघडी होते. आता तेच फूल मादी. स्वतःचाच पराग स्वतःवर पडू नये म्हणून केलेली ही सोय! इतक्या थोड्या आयुष्यात एवढा फेरबदल करणाऱ्याला चंचल म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

तेरड्याच्या पिकत आलेल्या बोंडाला हात लावायचा मोह लहानपणी कुणाला आवरला असेल? फट्! पाच साली आत वळतात आणि बिया चौफेर उडतात. बोंड पिकताना त्या सालींमध्ये पाणी भरून ताण साठत जातो, शिवणी मात्र कमकुवत होत जातात. एक शिवण उसवली की सगळा ताण एका दमात सुटतो. तेरड्याच्या वंशातल्या काही जातींमध्ये हा स्फोट अवघ्या काही मिलिसेकंदांत आटोपतो असं वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं आहे. पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आता झेंडूकडे या. एक गोंडा तोडा आणि मधून फाडा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी बारीक काळसर काडी दिसते ना? दसऱ्याचं तोरण सुकल्यावर जी काडी मातीत खोचली की झेंडू उगवतो, तीच. ती म्हणजे त्या पाकळीचं स्वतःचं फळ. म्हणजे तुमच्या हातात पाकळी नाही, एक पूर्ण फूल आहे. आपण ‘एक झेंडू’ म्हणतो तेव्हा शंभर-दीडशे फुलांची गर्दी एका हिरव्या वाटीत ठासून भरलेली असते. शिवाय मुळांतून जी द्रव्यं झेंडू सोडतो ती मातीतल्या सूत्रकृमींना मानवत नाहीत, म्हणून शहाणा शेतकरी टोमॅटोच्या कडेने झेंडू लावतो. आणि त्याचा पिवळेपणा कोंबड्यांच्या खाद्यात घातला की अंड्याचा बलक गर्द होतो.

पण झेंडूबद्दलची खरी थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात झेंडू नव्हता! तुकाराम-शिवाजीराजांच्या आधी शेदोनशे वर्षं मागे जा, इथल्या कुठल्याच दारावर झेंडूचं तोरण सापडणार नाही. तो मेक्सिकोचा. कोलंबसानंतर जहाजांवरून जगभर पसरला आणि पोर्तुगीजांमार्फत इकडे आला असं मानतात. गुलबक्षीही तिकडचीच. डेलिया, झिनिया, कॉसमॉस हे सगळे त्याच अमेरिकेतले पाहुणे. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांचा सण असतो तेव्हा लोक झेंडूच्या राशी वेदीवर आणि थडग्यांवर वाहतात. आपल्याकडे तो दसरा-दिवाळीला. दोन्हीकडे जवळपास एकाच हंगामात का?

नकाशा काढा. मेक्सिको शहर आणि मुंबई, दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास १९ अंशांवर. म्हणजे कोणत्याही तारखेला तिथली रात्र आणि इथली रात्र जवळपास सारखीच लांब. झेंडू अर्ध्या पृथ्वीचा फेरा मारून आला आणि उतरला तो घरच्याच रात्रींमध्ये!

रात्रीशी फुलांचा काय संबंध, असं वाटेल. १९२० पर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. त्या वर्षी अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड यांनी एका तंबाखूची हकीकत छापली. मेरीलँड मॅमथ नावाची ही जात उन्हाळाभर पुरुषापेक्षा उंच वाढायची, फुलायची मात्र नाही. ऊन कमी-जास्त करून पाहिलं, खतपाणी बदललं, काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी झाडं दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ढकलायला सुरुवात केली, म्हणजे दिवस आखूड केला. तंबाखू फुलला.

दिवस आखूड झाला की रात्र लांबते. मग झाड मोजतं काय, दिवस की रात्र? १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर याचा निकाल लावला. शंकेश्वर म्हणजे रानात कपड्यांना काटेरी फळं चिकटवणारं तण. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला त्याचं काही नाही. पण लांब रात्रीच्या मध्येच मिनिटभर दिवा लावला, तर फुलणं रद्द! साडेआठ तासांपेक्षा लांब, सलग, अखंड काळोख: एकच अशी रात्र शंकेश्वराला पुरते.

काळोख मोजायचा तर आत घड्याळ हवं. ते असल्याची पहिली खूण फ्रान्सच्या दे मेरां या खगोलशास्त्रज्ञाला १७२९ मध्येच मिळाली होती. त्याने लाजाळूचं रोप काळोखात ठेवलं. बाहेर सूर्य उगवला-मावळला याचा पत्ता नसतानाही पानं आपल्या वेळेला मिटत-उघडत राहिली. गुलबक्षीच्या चार वाजण्यामागेही अशाच आतल्या घड्याळाचा हात आहे, जोडीला ऊन आणि तापमान. आभाळ भरून आलं की ती थोडी आधीच उमलते.

आणि काळोख पडल्याचं झाडाला कळतं कसं? पानात एक निळसर रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी ते १९५९ मध्ये पकडलं. त्याची दोन रूपं. लाल प्रकाश पडला की एक, त्याहून गडद, लालाच्या पलीकडचा प्रकाश पडला की दुसरं. रात्री लाल दिव्याची झलक दाखवून फुलणं थांबवा, लगेच गडद लाल झलक दाखवा, झाड पुन्हा फुलायला तयार! दहा वेळा आलटून-पालटून दाखवा, झाड मानतं ती शेवटची.

आता अडचण अशी की मोजतं पान, आणि फूल येतं शेंड्याला. निरोप कोण नेतं? मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने यासाठी घेतली शेवंती. शेंड्याकडची पानं काढून टाकली, शेंड्याला लांब दिवस दिला आणि खालच्या पानांना तेवढी लांब रात्र. कळ्या आल्या, त्या लांब दिवसातल्या शेंड्याला! पानांतून काहीतरी वर चढत होतं. १९३० च्या दशकात त्याने त्याला फ्लोरिजेन असं नाव देऊन टाकलं आणि पुढची सत्तर वर्षं ते कुणाच्या हाती लागलं नाही. २००७ मध्ये सापडलं: पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत प्रवास करणारं एक प्रथिन. भातामध्ये ते दाखवून देणारे जपानी होते.

आपल्याकडे हा हिशेब आणखी नाजूक. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो, म्हणून तिथल्या घरगुती बागांमधले डेलिया आणि कॉसमॉस उन्हाळा उतरणीला लागल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रंगात येतात. पुण्यात सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. भाद्रपदात रात्र रोज वाढते ती साधारण एका मिनिटाने. तुम्हाआम्हाला पत्ताही लागत नाही. शिवारातल्या भाताच्या काही जातींना मात्र अर्ध्या तासाचा फरकही पुरतो. झेंडू त्या मानाने सैल आहे, लांब दिवसातही फुलतो, पण रात्र वाढली की घाई करतो. शेवंती कडक. तिच्या पारंपरिक जाती लांब रात्रीशिवाय बधत नाहीत, आणि फूलशेती करणारे याचाच फायदा घेतात. शेवंतीच्या वाफ्यांवर मध्यरात्री दिवे लावलेले दिसतात ते राखणीसाठी नव्हेत. झाड उंच होईपर्यंत कळी धरू नये म्हणून त्याची रात्र मुद्दाम मोडलेली असते.

तेव्हा, तुमच्या कुंडीतली शेवंती नुसतीच पानांनी माजत असेल आणि कळी धरत नसेल, तर खत आणायला धावू नका. रात्री दहा वाजता बाहेर येऊन बघा, व्हरांड्यातला दिवा किंवा रस्त्यावरचा खांब तिच्यावर उजेड पाडतोय का. पाडत असेल तर दिवा मालवा नाहीतर कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूला हलवा. भाद्रपदात हलवली तर दिवाळीच्या आसपास कळ्या दिसायला हव्यात.