ओल लागली की गेलं

सकाळचे साडेआठ. पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमागे पत्र्याची शेड आहे. तिथे दोघी जणी पोती अंथरून सुका कचरा निवडत बसल्या आहेत. पाण्याची बाटली उचलली, झाकण फिरवून वेगळं काढलं, टाचेखाली चेपली, पोत्यात टाकली. शांपूच्या बाटलीचं पोतं निराळं, पुठ्ठ्याची चळत निराळी. पातळ पिशवी हातात आली की ती बोटांत चुरगाळून बघायची. चुरचुरली तर एका ढिगात, मऊ लागली तर दुसऱ्या. बाटलीच्या बुडावर प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा छापलेला असतो, पण तो वाचायला इथे कुणाला सवड नाही. कान आणि बोटं पुरतात.

मग एक गाठ मारलेली काळी पिशवी सुटते. आत वर्तमानपत्रं, औषधांची खोकी, एक वही आणि या सगळ्यावर सांडलेली कालची आमटी, वर चहाचा चोथा. दोघींपैकी वयाने मोठी असलेली मावशी वही दोन बोटांत धरते, झटकते, पुन्हा बघते.

"ओल लागली, गेलं हे," ती म्हणते आणि वही बाजूला पडते.

काल रात्रीपर्यंत ती वही रद्दी होती, किलोवर विकली जाणारी. घरातल्या बादलीपासून या शेडपर्यंत येता येता तिचा कचरा झाला.

पुण्यात हे काम करणाऱ्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नावातच धंद्याचा सगळा माल आला. त्याआधी याच बायका कचरापेट्यांत उतरून, कुजलेल्या ढिगातून विकण्याजोगं वेचत. पुढे संघटनेच्या पुढाकाराने 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८मध्ये महापालिकेने तिच्याशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. पेटीत उतरणारी बाई दारात आली. माल हाती लवकर लागू लागला, तेव्हा कोरडा राहण्याची शक्यताही वाढली.

कोरड्या मालाचं पुढे काय होतं, ते एकेक वस्तू हातात घेऊनच बघावं. शीतपेयाचा रिकामा कॅन वजनाला काहीच नसतो, पण भंगारात त्याला मान आहे. एक टन ॲल्युमिनियमसाठी साधारण चार टन बॉक्साइट खणावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यांवर त्यासाठी खाणी झाल्या. खनिजापासून धातू काढायला प्रचंड वीज लागते. जुना कॅन वितळवून तोच धातू मिळवायचा तर लागणारी ऊर्जा जेमतेम ५ टक्के. पोत्यात पडलेल्या प्रत्येक कॅनमागे खाणीतलं तेवढं खणणं टळतं.

काचेचं गणित सौम्य आहे. भट्टीत कच्च्या मालाबरोबर फुटकी काच टाकली तर ती लवकर वितळते. दर १० टक्के जुन्या काचेमागे ऊर्जा २.५ ते ३ टक्क्यांनी वाचते. काच कितीही वेळा वितळवली तरी काचच राहते. पण ती जड, फुटकी, हात कापणारी आणि दराला कमी. त्यामुळे पर्यावरणाला हवी असलेली ही वस्तू भंगारवाला बऱ्याचदा नाक मुरडूनच घेतो. कागदाचं उलट. त्याला गिऱ्हाईक भरपूर, देशातल्या कितीतरी कागद गिरण्या रद्दीवरच चालतात. मात्र प्रत्येक फेरीत त्याचा धागा आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागदाला उपयोगी राहत नाही, आणि तेल-आमटी लागली तर पहिलीच फेरी चुकते.

शेडच्या कोपऱ्यात एक ढीग मात्र कमी होतच नाही. चिप्सची चकचकीत पाकिटं, शांपूच्या पुड्या, थर्माकोल. पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, असं या बायका घरोघर सांगत आल्या. ठिपका नसलेली गुंडाळी उघडावी लागते ती त्यांनाच.

आणि ओला कचरा? तो वेगळा ठेवण्याचा फायदा वहीपुरता नाही. केळीची सालं, शिळा भात, भाजीची देठं सोसायटीच्या खड्ड्यात हवेशीर कुजली तर खत होतं. तीच ढिगाऱ्याखाली, हवा न लागता कुजली तर मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो, शिवाय पेट घेतो. मुंबईत देवनारला १९२७पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला. तिथल्या विहिरींत काळं पाणी झिरपलं आणि गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा गाड्या अडवाव्या लागल्या. शहरात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो. त्यातला जो घरातच वेगळा होत नाही, तो कुणाच्या तरी गावाच्या वेशीवर जाऊन पडतो.

ओला आणि सुका वेगळा करणं २०१६च्या कचऱ्याविषयीच्या नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केलं. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाची पिशवी परत घेताना किमान ५० पैसे द्यावेत, असंही ठरलं. ते पैसे गिऱ्हाइकाच्या हातात कधी फारसे पडले नाहीत. पिशवी मात्र आजही शेडमध्ये येते. धुतलेली असेल तर विकली जाते. आंबूस वास मारत असेल तर तिच्यावर आधी पाणी आणि वेळ खर्च होतो.

मराठी घरात दुधाची पिशवी धुवायला कुणी शिकवावं लागत नाही. कापलेल्या पिशवीत घोटभर पाणी घालून ते पातेल्यात ओतणं ही आज्यांची जुनी सवय. तिच्यात दोनच गोष्टींची भर घाला. कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा. तो चिमुकला तुकडा हरवला की कुणाच्याच पोत्यात येत नाही. पिशवी नळावर उलटी टांगा आणि वाळल्यावरच सुक्या बादलीत टाका. ती बादलीही मोरीपासून हातभर लांब असू द्या.