वाट्याचं पाणी

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या ट्रॉल्यांपाशी दोन विषय हमखास निघतात, भाव आणि पाणी. भावाचा निकाल त्याच दिवशी लागतो, पाण्याचा वर्षानुवर्षं लागत नाही. पाऊस सरला की शिवना लवकर आटते आणि मग ज्याचं बोअर खोल त्याचं रान हिरवं राहतं. शेजाऱ्याची विहीर तळ दाखवते. कुणी कुणावर हात उगारलेला नसतो, तरी मी याला हिंसाच म्हणतो. म्हणून अहिंसक चळवळींचा आढावा घेताना मला एकच विचारावंसं वाटतं: त्यांनी वाटून घेण्याची काय सोय केली?

लासूर ज्या हैदराबाद राज्यात होतं, त्याच राज्यात पोचमपल्लीला 18 एप्रिल 1951 रोजी विनोबांना पहिलं भूदान मिळालं. भूमिहीनांनी 80 एकर मागितले, रामचंद्र रेड्डींनी 100 दिले. तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत असताना हे घडलं. पुढे विनोबा देशभर चालत राहिले, लाखो एकर जमीन मिळाली. पण त्यातली बरीचशी खडकाळ निघाली, बरीच कसणाऱ्याच्या हाती पोचलीच नाही. मन पाझरलं, पण त्यामागे पुरेशी व्यवस्था उभी राहिली नाही.

तशी व्यवस्था विलासराव साळुंखे यांनी पाण्याच्या बाबतीत उभी केली. 1972च्या दुष्काळानंतर हा इंजिनिअर-उद्योजक पुरंदर तालुक्यातल्या नायगावला जाऊन बसला आणि त्यातून पाणी पंचायत आकाराला आली. नियम रोखठोक होते. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकायचा नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत धाडसी वाटतो. ज्याच्याकडे गुंठाभर रान नाही त्याचाही पाण्यावर हक्क आहे, हे गावाकडून वदवून घेणं कुठल्याही उपोषणाइतकंच कठीण.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव याच्याही पुढे गेलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाच्या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना ठाऊक असते, तिच्यामागची शिस्त फारशी नसते. तिथे ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. त्याआधी अभ्यास गटात त्यावर चर्चा होते. मध काढण्याचा प्रश्नही असाच अभ्यासाला आला. पूर्वी मोहोळ जाळून मध काढत, त्यात माश्या मरत. मधाचाच भाग कापला आणि पिल्लांचा भाग शाबूत ठेवला, तर माश्या जगतात आणि पोळं पुन्हा भरतं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार हाती आला. गावाने हे सारं दगड न उचलता मिळवलं, पण पाय रोवून.

पण अशा सर्वसहमतीची गोष्ट मराठवाड्यात नामांतर टाळून करता येत नाही. 1978च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या जाळल्या गेल्या. पुढच्या वर्षी नागपूरहून लाँग मार्च निघाला, नामविस्तार मात्र 14 जानेवारी 1994 ला झाला. इथल्या एखाद्या गावात पाण्याची सभा भरली, तर जळलेल्या वस्तीतल्या माणसाला त्या सभेत पहिल्या रांगेत जागा हवी.

आज आम्ही जायकवाडी धरणासाठी नाशिक-नगरच्या वरच्या धरणांकडे पाण्याचा वाटा मागतो. 2005च्या जलसंपत्ती प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे, 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मागणी न्याय्यच आहे आणि ती सोडू नये. पण नाशिक-नगरला जो हिशेब आम्ही दाखवतो, तो आमच्याच गंगापूर तालुक्यातल्या दोन शेजारी बांधांमध्ये कुणी मांडत नाही. बोअर किती खोल न्यायचं, कोणत्या गटात ऊस नको, मजुराच्या घराला किती पाणी, हे शिवनाकाठच्या एखाद्या ग्रामसभेने सर्वसहमतीने ठरवावं. पहिल्या सभेत जमणार नाही, भांडणंही होतील. मग दुसरी सभा बोलवावी.