डिसेंबरात पटावर आलेलं मूल

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात गावी परततात. सोबत गेलेलं मूल कारखान्याजवळच्या शाळेच्या दारात उभं राहतं तेव्हा डिसेंबर उजाडलेला असतो. ‘आता प्रवेश बंद झाले, शिवाय दाखला कुठे आहे?’ असं विचारणाऱ्याला आपण नियमाला धरून बोलतोय असंच वाटतं. नियम नेमका उलटा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १५ म्हणतं, की मुदत उलटून गेल्यावरही प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ५ नुसार दाखल्याला उशीर हेही प्रवेश अडवण्याचं कारण होऊ शकत नाही. दाखला देण्यात चालढकल करणारा मुख्याध्यापकच शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. ‘मग खालच्या वर्गात बसवू’ हा मार्गही, कधी शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलासाठी, कलम ४ ने बंद केला आहे. वर्ग वयानुरूपच द्यायचा, आणि बरोबरीला यायला विशेष प्रशिक्षण.

पण खरा घोळ प्रवेशानंतर होतो, आणि तो बहुधा चांगल्या हेतूने होतो. मागे पडलेलं सगळं भरून काढायचं, म्हणून शेजारच्याची वही उतरवून घ्यायला लावतात. मुलाचं अक्षर सुधारत असेल कदाचित. बाकी काही हाती लागत नाही. बुडालेले धडे सारख्या वजनाचे नसतात. परिसर अभ्यासातला एखादा पाठ राहिला तर पुढचा अडत नाही, पण एकक-दशक कच्चं असेल तर हातच्याची वजाबाकी, भागाकार, दशांश अपूर्णांक हे सगळंच अडतं. म्हणून कुठला धडा चुकला यापेक्षा हे मूल परिच्छेद वाचतं का, दोन अंकी वजाबाकी करतं का, हे आधी पाहावं. त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात.

एका मुलापायी वर्ग मागे पडतो, हा आक्षेप पालक घेतात. त्याला उत्तर एका प्रयोगात सापडतं. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेने तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास ‘बालसखी’कडे, म्हणजे वस्तीतल्याच शिकवणाऱ्या तरुणीकडे, पायाभूत वाचन-गणितासाठी पाठवलं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याच्या परिणामाची मोजणी केली, तेव्हा सर्वांत मागे असलेल्यांची प्रगती ठळक दिसली. ती मुलं उशिरा आलेलीच होती असं नाही. पण सगळा वर्ग न थांबवता पाया पक्का करता येतो, एवढं त्यातून नक्की कळतं. द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी विचारतील, बालसखी आणायची कुठून? तक्रार रास्त आहे. कायद्याने देऊ केलेलं विशेष प्रशिक्षण पुरवणं ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ते मागून घेतलं पाहिजे. तोवर मुख्याध्यापकांनी एवढं करावं: आधी नाव पटावर चढवावं, दाखल्याचा पत्रव्यवहार मागाहून.